कुरणातलं स्टेशन

आमच्या बैठकीच्या भिंतीवर इंग्लंडातलं एक बाजाराचं गाव टांगलेलं होतं. म्हणजे नकाशा. पण शाळेत असतो तसा देशाचा, नद्या-डोंगरांचा नव्हे. एकाच गावाचा, आणि तोही एवढा मोठा की खालपासून आढ्यापर्यंत भिंत त्यानंच भरलेली. कापडावर चिकटवलेले जाड कागद होते, एकाला एक लावून टांगलेले, खालच्या कडेला लाकडी पट्टी लावलेले. त्यात घर न् घर होतं, घरामागचा गोठा होता, परसातली पायवाट होती, पाण्याचा पंप होता, रस्त्याकडेचं एकेक झाड होतं. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आत बसायची बाकंसुद्धा आखलेली होती.

लातूरला छोट्या रेल्वेच्या कामावर असलेला एक गोरा इंजिनिअर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा हर्राज, म्हणजे लिलाव, झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले, कुणी चहाचे कप घेतले. माझ्या वडिलांनी नकाशा घेतला. तो त्या इंजिनिअरच्या गावाचा होता म्हणे. आपल्या गावाचा नकाशा त्यानं का टाकून दिला असेल, हा विचार अण्णांच्या मनात कधी आला नाही. माझ्या मात्र रोज यायचा.

अण्णा वकील होते. निजामाचं राज्य, अदालतीचं सगळं काम उर्दूत. अण्णांचं उर्दू उत्तम होतं, मराठी बरं होतं, आणि इंग्रजी ते डिक्शनरी मांडीवर घेतल्याशिवाय वाचू शकत नसत. अभिमान अर्थातच इंग्रजीचा होता. अदालतीतून आले की पगडी खुंटीला, पायावर पाणी, आणि हातात रूळ घेऊन नकाशापुढे. एकेक अक्षर लावत ते त्या गावात हिंडायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटार फुटून किती दिवस झाले ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या गावातल्या मेंढीबाजाराला किती बाजूंनी वाट आहे ते झोपेत सांगितलं असतं.

आई एकदाच बोलली. भिंतीला आता खुंटी ठोकायची नाही, त्या भिंतीपाशी चिमणी लावायची नाही, असे हुकूम सुटले तेव्हा ती म्हणाली, "त्या गावात तुमचं कोण राहतं हो?"

अण्णांनी बायकांना काय कळतंय, असं तोंड केलं आणि रूळ पुढे सरकवला.

संध्याकाळी मंडळी जमायची. दोन-चार वकील, आणि गंजातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक आडते, ज्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा आमचे घरमालकही होते आणि अण्णांचे अशीलही. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीचं लिंग, आणि अण्णा काहीही बोलले तरी मान डोलवायची सवय. "वकीलसाहेब, लई झाक गाव हाय," असं ते दर संध्याकाळी म्हणत. एकदा त्यांनी विचारलं, "पण तिथं तुरीला भाव काय मिळतो?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, तूर तिथं पिकत नाही. अप्पांना त्या गावाची तेव्हा खरी कीव आली. तेवढ्यापुरतंच.

त्या नकाशात जागोजागी दोनच अक्षरं छापलेली होती आणि कडेला त्यांचा खुलासा होता: पब्लिक हाऊस. चौकात, पुलाजवळ, बाजाराच्या कोपऱ्यावर, सगळीकडे. अण्णांनी डिक्शनरीत दोन्ही शब्द वेगवेगळे काढले. पब्लिक म्हणजे सर्व जनता, हाऊस म्हणजे घर. सर्व जनतेसाठी घर, म्हणजे धर्मशाळा. ते मंडळींना रुळानं एकेक दाखवत आणि त्यांचा आवाज भरून येई. "एवढंसं गाव, पण पावलोपावली धर्मशाळा. वाटसरू उपाशी झोपत नाही. याला म्हणतात सुधारणा. नाहीतर आपण!" मग सगळे 'आपण' असल्याबद्दल माना खाली घालत. मला बैठकीत जायची परवानगी नव्हती. मी दाराआडून हे बघायची आणि मला लाज वाटायची. आपण असल्याची नव्हे, यांची असल्याची.

मुलींच्या शाळेत होतं तेवढं शिकून मी घरी बसले होते. अण्णांची डिक्शनरी ते अदालतीत गेले की माझ्याकडे असे. तिच्यातून मी जमेल तेवढं इंग्रजी शिकत होते. लग्नाचं बघणं सुरू झालं होतं.

तेवढ्यात नांदेडहून एक स्थळ सांगून आलं. मुलगा सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, विलायतेला शेतकी शिकून आलेला. मध्यस्थानं सहज म्हणून सांगितलं की शिकत असताना तो अमुक गावी राहायला होता. ते नाव ऐकलं आणि अण्णा ताडकन उठून उभे राहिले. भिंतीवरचंच गाव! पत्रिका बघायचं राहून गेलं, गोत्र विचारायचं राहून गेलं. आईनं गोत्राची आठवण केली तर म्हणाले, "जुळेल."

बघायला यायचा दिवस ठरला. मुलगा आणि त्याचे मामा नांदेडहून मोटारीनं निघून, अहमदपूरला मुक्काम करून, धुळीनं माखून आमच्या दारात उतरले. मुलगा दिसायला चांगला होता. उंच, सावळा, विलायती कोट, हसरा चेहरा. खरं सांगायचं तर दाराआडून पाहिलं तेव्हा मला तो आवडला होता. समुद्र ओलांडून गेलेला, परक्या मुलखात एकटा राहून आलेला माणूस. याच्या तोंडून काहीतरी नवं ऐकायला मिळेल असं वाटलं.

बैठकीत अण्णा, अप्पा आणि दोन वकील जमलेले. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले. मला खाली बसायला सांगायचं असतं, नाव विचारायचं असतं, स्वयंपाक येतो का विचारायचं असतं. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. ते मुलगी बघायला आले होते आणि नकाशा बघत उभे होते.

"हे बघा," अण्णा म्हणाले, "ओळखलंत?"

मुलगा जवळ गेला. त्याचा चेहरा उजळला. "अरे! हे तर आमचंच गाव. हा चौक. या कोपऱ्यावर मी राहायचो, वरच्या मजल्यावर. एक म्हातारी होती घरमालकीण."

"चौकातून देवळाकडे कसं जायचं?"

"डाव्या हाताला वळायचं, लोहाराच्या दुकानावरून सरळ."

अण्णांनी रूळ फिरवला. बरोबर! मंडळी खूष. अप्पांनी मांडीवर थाप मारली. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि विलायतेहून... म्हणजे बोटीवरून उतरून गावात आलात कसे?"

"रेल्वेनं. गुरांच्या बाजाराच्या पाठीमागेच स्टेशन आहे ना."

अण्णांचा रूळ गुरांच्या बाजारापाशी थांबला. मग हळूच त्याच्या पाठीमागे गेला. "इथं कुरण आहे," ते म्हणाले.

मुलगा वाकून बघू लागला. "हं. पण स्टेशन तिथंच आहे. मी रोज सकाळी तिथून गाडी पकडून शेतकीच्या शाळेत जायचो."

"रोज? कुरणातून?" अण्णा हसले. वकील हसले. मग अप्पाही हसले, कारण सगळे हसत होते.

"नकाशा सरकारी आहे," एक वकील म्हणाले.

"आणि सरकार इंग्लंडचं," अण्णा म्हणाले. "देवळातलं बाकसुद्धा सोडलेलं नाही त्यांनी. अख्खं स्टेशन सोडतील?"

मी बशा हातात घेऊन उभी होते. मला वाटलं, आता हा म्हणेल, वकीलसाहेब, मी तिथं राहिलोय, तुम्ही राहिला नाहीत. एवढं एक वाक्य. त्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी डोळे वटारले.

"तसं... थोडं पलीकडे असेल," तो म्हणाला.

"पलीकडे नदी आहे."

"मग अलीकडे..."

"अलीकडे कातड्याचा कारखाना आहे. वाचा तुम्हीच."

त्यानं वाचलं. रुमालानं कपाळ पुसलं. "हो की. मग ते शेजारच्या गावचं स्टेशन असावं. मी तिथून चालत येत असेन. बरेच दिवस झाले, आता नीट आठवत नाही."

बरेच दिवस! परत येऊन धड वर्षही झालं नव्हतं. जिथं तो ऊन-पावसात रोज उभा राहिला, ते स्टेशन त्यानं पोहे निवायच्या आत उपटून दिलं.

अण्णांचा राग क्षणात पळाला. उदार होऊन म्हणाले, "होतं असं. माणूस विसरतो, नकाशा विसरत नाही. बरं, या एवढ्या धर्मशाळा, तुम्ही कधी उतरला होता का एखादीत?"

मुलानं रुळाच्या टोकाकडे पाहिलं. त्याच्या ओठावर काहीतरी हललं. हसू होतं ते, मी स्पष्ट पाहिलं. मग ते त्यानं गिळलं. "हो, पहिल्या दिवशी. या पुलाजवळच्या. फार चांगली सोय असते."

"बघा!" अण्णा मंडळींकडे वळले. "प्रत्यक्ष उतरलेला माणूस सांगतोय."

आत येऊन अण्णा आईला म्हणाले, "मुलगा प्रांजळ आहे. चूक दाखवली की कबूल करतो. आजकाल असं कुठं सापडतं? आपण होकार देऊन टाकू."

आई खुलली. ती पुरणाची डाळ उपसायला निघाली. मी म्हणाले, "मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचेत."

आईच्या हातातली पळी थांबली. आमच्यात तेव्हा असलं काही कुणी ऐकलेलंही नव्हतं. पण अण्णांचा चेहरा मोठा आधुनिक झाला. "बोलू दे," ते म्हणाले. "तिकडे असंच असतं." आयुष्यात त्या नकाशानं माझं केलेलं हे एकच भलं.

मागच्या पडवीत तो बाजेवर बसला, मी खांबापाशी उभी राहिले. चार हातांवर आई सुपात तांदूळ घेऊन बसली. तांदूळ निवडलेलेच होते.

"स्टेशन आहे का तिथं?" मी विचारलं.

तो दचकला. त्याला वाटलं असेल, आवडीनिवडी विचारीन. मग हसला. "आहे हो. चांगलं मोठं आहे. लाल विटांचं. बाहेर बाकावर म्हातारे बसून असतात."

"मग नकाशात का नाही?"

"नकाशा जुना आहे. खाली कोपऱ्यात साल छापलंय, तुमच्या लाकडी पट्टीआड अर्धं झाकलंय. तेव्हा तिथं रेल्वेच आलेली नव्हती. मी पाहिलं ते लगेच."

"लगेच पाहिलंत?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत कशाला खोटं पाडायचं? माझं काय जातंय?" हे तो अगदी गोड बोलला. आपण काहीतरी चांगलं केलं अशी त्याची खात्री होती.

"आणि धर्मशाळा?"

आता मात्र तो मोठ्यानं हसला, आणि आईकडे बघून आवाज खाली आणला. "अहो, ते दारूचे गुत्ते आहेत. सगळं गाव संध्याकाळी तिथं बसतं."

मला हसू आलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. कोट चांगला होता, दात पांढरे होते, आणि आत काही नव्हतं. बोटीत बसून एवढं लांब जाऊन हा माणूस काय घेऊन आला? जे डोळ्यांनी बघितलं ते भिंतीवरच्या कापडापुढे टाकून द्यायचं असतं, ही अक्कल तर इथं गंजात बसूनही मिळाली असती. अण्णा मूर्ख होते, पण त्यांना निदान ठाऊक नव्हतं. याला सगळं ठाऊक होतं.

"उद्या माझ्याबद्दल कुणी काही भलतं म्हणालं," मी विचारलं, "तर तेव्हाही तुम्हाला नीट आठवणार नाही का?"

"कुणी कशाला म्हणेल?" तो म्हणाला.

मी सरळ बैठकीत गेले. आई मागून "अगं, अगं" करत आली. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मला हे स्थळ नको."

अप्पांनी तोंडातला घास तसाच धरला. अण्णांनी विचारलं, "का?"

"स्टेशन आहे. नकाशा जुना आहे, साल खाली कोपऱ्यात आहे, पट्टीआड. आणि त्या धर्मशाळा नाहीत, दारूचे गुत्ते आहेत. मला आत्ता यांनीच सांगितलं. विचारा."

तो माझ्या मागून आत आला होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याला आणखी एक संधी होती. मी ती त्याला हातात आणून दिली होती. त्यानं पुन्हा मामांकडे पाहिलं.

मामा म्हणाले, "नकाशात नाही म्हणजे नाही. पोरीबाळींचं काय मनावर घ्यायचं?"

आणि तो म्हणाला, "त्यांचा काहीतरी ऐकण्यात घोटाळा झाला असेल."

मी आत निघून गेले. पुरण झालं, पण पाहुणे जेवायला थांबले नाहीत. आईनं पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. माझ्या पाठीवर एक धपाटा बसला असता तर मला बरं वाटलं असतं. अण्णांना मात्र लग्न मोडल्याचं एवढं नव्हतं. त्यांना गुत्ता हा शब्द लागला होता. पाहुणे गल्लीच्या बाहेर पडतात न पडतात तोच त्यांनी डिक्शनरी काढली. बराच वेळ पानं चाळली. मग मला हाक मारली.

"पब्लिक हाऊस म्हणजे इन, असं इथं दिलंय. इन म्हणजे सराय. आणि सराय म्हणजे?"

त्यांनी डिक्शनरी मिटली.

"सराय म्हणजे धर्मशाळाच झाली की नाही? उगाच बापाला शिकवू नये."

पट्टी काढून साल बघावं, हे त्यांना सुचलं नाही. सुचलं असेल तर केलं नाही. मीच एकदा ते अदालतीत गेल्यावर पट्टी उचलून पाहिली. साल होतं. अण्णांच्या जन्माआधीचं. मी पट्टी पुन्हा होती तशी लावून टाकली. सांगून उपयोग नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी बैठकीत पुन्हा तेच धर्मशाळांचं पुराण, आणि अप्पांचं तेच "लई झाक". अप्पांनी तर गुत्ता हा शब्द माझ्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण त्यांचा जमिनीचा दावा अण्णांकडे होता.

त्या मुलाचं लग्न पुढे मुदखेडला एका रेल्वेतल्या माणसाच्या मुलीशी झालं असं कानावर आलं. ऐकून लोक हसायचे. मला त्या मुलीची काळजी वाटली.

मग राज्यातलं वारं बिघडलं. रझाकारांच्या धास्तीनं माणसं हद्दीपलीकडे निघाली, तसे आम्हीही, रेल्वेनं जाणं धोक्याचं म्हणून, एका बैलगाडीत बसून बार्शीला गेलो. गाडीत जागा थोडी. आईनं आपलं माहेरचं तांब्याचं घंगाळ आणून ठेवलं होतं. अण्णांनी ते खाली उतरवलं आणि त्या जागी नकाशाची गुंडाळी ठेवली. गाडी हलल्यावर आईनं एकदा वळून दाराकडे पाहिलं, बस्स. बार्शीत भाड्याची एकच खोली मिळाली. तिच्या भिंतीवर नकाशाचे सगळे कागद मावेनात. अण्णांनी चौकाचा तेवढा लावला आणि त्याखाली अंथरूण टाकलं. बाहेर निर्वासितांची रांग धान्यासाठी लागायची. रांगेत आई उभी राहायची, मी उभी राहायची. अण्णांना प्रकृतीमुळे उभं राहवत नसे. पण धर्मशाळांबद्दल ऐकायला तिथंही चार माणसं मिळाली होती.

बार्शीत मुलींच्या शाळेत शिकवायला बाई हवी होती. मी विचारायला गेले आणि मला ठेवून घेतलं. अण्णा म्हणाले, घराण्यात असं कुणी केलेलं नाही. आई रांगेतून आणलेली ज्वारी ओतत होती. ती मला म्हणाली, "तू जा. लुगडं माझं नेस, ते चांगलं आहे." त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही लातूरला परतलो. अदालतीतलं उर्दू गेलं आणि त्याबरोबर अण्णांची बरीचशी वकिलीही. इंग्रजीत अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा विलायतेच्या गल्ल्या पाठ असून भागत नाही, हे सगळ्यांना कळेल असं मला वाटलं होतं. कळलं नाही. त्यांचे अर्ज कारकून लिहायचे आणि अण्णा सही करायचे. मान होता तसाच राहिला. मला नांदेडच्या शाळेत नोकरी मिळाली, मी तिकडे खोली केली. लग्न मी केलं नाही. स्थळं आली, पण प्रत्येक माणूस बोलायच्या आधी कुणाकडे बघतो, हे बघायची मला सवय लागली होती.

अण्णा गेले तेव्हा मी नांदेडहून आले. तेराव्यानंतर वकिलांनी अदालतीतल्या आपल्या खोलीत शोकसभा ठेवली. आई आणि मी मागे बसलो. एकेक जण उठून बोलला. एका वकिलांनी नकाशा त्याच खोलीत लावायला मागून घेतला होता. तो त्यांनी आधीच टांगलाही होता, पट्टीसकट. भाषण करताना ते त्याच्याकडे हात करून म्हणाले, "विलायत कोळून प्यालेला माणूस आज आपल्यातून गेला." मग अप्पा उठले. आता ते थकले होते, काठी टेकत होते. दाव्याचा निकाल केव्हाच लागून गेला होता, घाबरायचं काही कारण उरलं नव्हतं. मला वाटलं, निदान आता हे काहीतरी खरं बोलतील. वकीलसाहेब तापट होते, किंवा लहर आली की ऐकत नसत, असं काहीही.

अप्पांनी भिंतीकडे पाहून हात जोडले. "लई झाक माणूस," ते म्हणाले, आणि रडू लागले.

टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी माना हलवल्या. पुढचे वक्ते उभे राहिले. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अजून किती आहेत गं?"

"पुष्कळ आहेत," मी म्हणाले.

"मग चल. उशीर झाला तर मोटारीत जागा मिळायची नाही."

आम्ही दोघी उठून बाहेर आलो. आईचं सामान एका पिशवीत मावलं होतं. नांदेडची मोटार उभीच होती. मी तिला खिडकीशी बसवलं.